उसवलेल्या लोकरीचा हिशेब

विणण्यापेक्षा मला उसवायला जास्त आवडतं असं सांगितलं की लोकांना वाटतं, मी गंमत करतेय. पण खरंच. कापडाला एकदा कात्री लागली की लागली, मग मागे फिरता येत नाही. हातांनी विणलेल्या स्वेटरमध्ये कापलेलं असं काहीच नसतं. लांबच लांब धागा आणि त्याचेच एकमेकांत अडकवलेले फास, बस. शेवटचं टोक सापडलं की तो धागा पुन्हा आपल्या हातात. त्यामुळे घरातला कुठलाही स्वेटर ‘जुना झाला’ असं कुणी म्हणालं की माझी नजर आधी त्याच्या शिवणीकडे जाते.

सध्या घरात भावजींच्या राखाडी स्वेटरचं प्रकरण चालू आहे. सासूबाईंनी तो विणला तेव्हा ते नुकते नोकरीला लागले होते. आता कोपरं इतकी विरलीत की आतल्या शर्टाचा रंग सांगता येतो. शिवाय पोटावर तो बसत नाही, पण ते त्यांना मान्य नाही. “वहिनी, ह्याचं काही होतंय का बघा,” म्हणून देऊन गेले. त्यांच्या मागोमाग त्यांची नऊ वर्षांची लेक आली. “काकू, बाबांच्या स्वेटरचा मला कर. आणि त्यावर मांजर पाहिजे.” झालं, काम ठरलं.

उसवण्याआधी शिवण का बघायची ते सांगते. पुष्कळसे तयार स्वेटर म्हणजे यंत्रावर विणलेल्या मोठ्या तुकड्यातून कापून शिवलेले भाग असतात. आत उलटून पाहिलं की कडेला दाट मशीनची टीप दिसते. असा स्वेटर उसवायला घेतला तर प्रत्येक ओळीला धागा तुटतो आणि हातात नुसते वीतभर तुकडे येतात. हाताने विणलेल्या स्वेटरची पाठ, पुढचा भाग आणि बाह्या वेगवेगळ्या आकारात विणून मग जोडलेल्या असतात. तिथे शिवण तेवढी सोडवायची असते. आणि उसवायचं ते वरून, म्हणजे जिथे टाके बंद केलेत तिथून. खालच्या कडेने, जिथे टाके घातले होते तिथून ओढायला गेलात तर ते सरळ निघत नाही, ओळीच्या टोकाला येऊन अडकतं. पुष्कळ जण चुकीच्या टोकाशी झटापट करून ‘ही लोकर उसवत नाही’ म्हणतात आणि बोचकं माळ्यावर टाकतात.

आमच्या आई (सासूबाईंना मी आई म्हणते) शिवायला त्याच लोकरीचा धागा घेतात आणि असं शिवतात की शिवण कुठली आणि वीण कुठली ते कळत नाही. इतरांना हे कौतुकाचं. सोडवणाऱ्याला शिक्षा. खिडकीपाशी बसून, बिनटोकाच्या सुईने एकेक फास उचलून बघायचा की हा शिवणीचा की स्वेटरचा. आई शेजारीच बसल्या होत्या. “ओढू नकोस गं. आधी सैल कर, मग तोच सांगतो कुठून आलाय ते.”

त्यांच्या हातचं काम त्यांच्यासमोर उसवायचं म्हणून मी आधी जरा चाचरतच विचारलं होतं, वाईट नाही ना वाटणार? त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “वाईट कसलं? लोकर चांगली होती म्हणून उसवतेयस. वाईट असती तर कधीच टाकून दिला असता.”

काखेच्या शिवणीत आतल्या बाजूने लोकरीची एक बारकी लडी टाचून ठेवलेली सापडली. मला आधी वाटलं, राहिलेलं टोक आहे. “रफूसाठी ठेवलीय ती,” आई म्हणाल्या. “वेगळी जपून ठेवली तर नवीनच राहते, मग रफू उठून दिसतं. आत शिवली की स्वेटरबरोबर धुतली जाते, रंगही बरोबरीनेच उतरतो.” ही युक्ती मी कुठल्याही व्हिडिओत पाहिलेली नाही. आणि भावजींनी इतकी वर्षं तो स्वेटर घातला, कोपरं झिजवली, पण आत रफूची सोय आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं!

एकदा गळ्याची पट्टी सुटली की पुढे मात्र मजा. धागा ओढत राहायचं आणि टाके तुरतुर सुटत जातात, डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे. पुतणीला हे काम दिलं तर ती जेवायलाही उठेना. तिच्या आजीला महिनाभर पुरलेली पाठ तिने एका दुपारी संपवली.

सुटलेली लोकर टेलिफोनच्या जुन्या वायरसारखी वेटोळी होऊन येते. इतकी वर्षं ज्या आकारात बसली तो आकार ती लगेच सोडत नाही. ती तशीच विणायला घेतली तर टाके लहानमोठे पडतात. म्हणून खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची (घट्ट बांधलं तर तेवढा भाग नीट भिजत नाही), कोमट पाण्यात सौम्य साबणाने भिजवायची, न पिळता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं आणि सावलीत टांगायची. ओल्या लडीच्या खालच्या टोकाला मी एक हलका हँगर अडकवते, तेवढ्या वजनाने वेटोळी उलगडतात. स्वेटर 540 ग्रॅम होता. कोपरांचा विरलेला भाग आणि कुरतडलेली तुकडे-तुकडे लोकर बाजूला काढल्यावर 480 ग्रॅम उरली.

कुरतडलेली म्हणजे कसरीने. उडणारा पतंग दिसला की आपण टाळी वाजवून मारतो, पण लोकर खातात त्या त्याच्या अळ्या, मोठा झालेला पतंग काही खात नाही. आणि अळ्यांना आवडते ती अंगाचा घाम, तेल लागलेली लोकर. त्यामुळे स्वेटर न धुता ठेवून वर डांबराच्या गोळ्या टाकण्यापेक्षा आधी धुऊन ठेवलेला बरा.

तुटलेले धागे जोडायचे दोन प्रकार. एक म्हणजे कडेला जोडून टोकं शिवणीत लपवायची. दुसरा मला जास्त आवडतो आणि घरात कुणालाच आवडत नाही. दोन्ही टोकांचे पीळ थोडे उकलायचे, एकमेकांवर ठेवायचे, ओले करायचे आणि तळहातांमध्ये जोरात घासायचे. शुद्ध लोकरीच्या प्रत्येक तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ओल, ऊब आणि घर्षण मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि जोड असा बसतो की गाठ नको, काही नको. ओलं करायला जाणकार मंडळी थुंकी वापरतात. “ई काकू!” झालंच. मी पाणी वापरते, उगाच वाद नको. लोकरीचा कपडा गरम पाण्यात घुसळला की आटून जाड का होतो, त्याचंही कारण हेच खवले. यंत्रात धुता येईल अशी म्हणून जी लोकर मिळते तिचे खवले प्रक्रिया करून बोथट केलेले किंवा झाकलेले असतात, त्यामुळे ती आटत नाही आणि तिला हा जोडही बसत नाही. ॲक्रिलिकला तर नाहीच नाही.

सुयांच्या नंबरांबद्दल माझं म्हणणं आहे की ज्यांनी ते ठरवले त्यांनी एकदा तरी एकत्र बसायला हवं होतं. आई म्हणतात, “पट्टीला दहा नंबर, अंगाला आठ नंबर.” हे जुने ब्रिटिश नंबर. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. दहा म्हणजे 3.25 मिलिमीटर, आठ म्हणजे 4 मिलिमीटर. अमेरिकन नंबर उलटे. तिथे नंबर वाढला की सुई जाड होते, आणि त्यांचा आठ म्हणजे 5 मिलिमीटर. तेव्हा विणकामाच्या एखाद्या लिखित कृतीत नुसतं ‘8 नंबर’ लिहिलं असेल तर ते कुठल्या देशातलं हे कळल्याशिवाय हात लावू नये. मी हल्ली सुईवर मिलिमीटर बघते आणि नंबर आईंसाठी ठेवते.

आणि मग नमुना. म्हणजे प्रत्यक्ष कामाआधी त्याच लोकरीचा, त्याच सुयांनी विणलेला चौकोन, ज्यात 10 सेंटिमीटरला किती टाके बसतात ते मोजायचं. ह्यावरून आमचं दर वेळी वाजतं. आई नमुना विणत नाहीत. “स्वेटरच्या पहिल्या चार बोटांत कळतंच की. नाही जमलं तर उसवायचं. वेगळा चौकोन कशाला? त्याचं काय करायचं, भांडं उचलायचं?”

मी हिशेबाची माणूस. माझ्या चौकोनात 10 सेंटिमीटरला 22 टाके आणि 30 ओळी आल्या. पुतणीच्या अंगाला थोडी सैल धरून 76 सेंटिमीटरची छाती हवी, म्हणजे साधारण 168 टाके. आता हेच 22 ऐवजी 20 भरले असते तर? 168 टाक्यांचे झाले असते 84 सेंटिमीटर. दहा सेंटिमीटरमागे दोनच टाक्यांचा फरक, आणि अंगावर आठ सेंटिमीटर वाढले. चौकोन विणताना हे दिसत नाही, स्वेटर घातल्यावर दिसतं.

पण आईंची बाजूही सांगायला हवी. माझा चौकोन हलका असतो आणि टेबलावर आडवा असतो. स्वेटर खांद्यावरून लोंबतो, स्वतःच्या वजनाने उभा ताणला जातो, तेही तासन्‌तास. भावजींचा स्वेटर अर्ध्या किलोच्या वर होता. तो विणताना आईंनी उंची मुद्दाम ‘दोन बोटं कमी’ धरली होती, आणि वापरात तो बरोबर त्या दोन बोटांनी उतरला. हे गणित माझ्या चौकोनात कुठेच नव्हतं. हल्ली मी नमुना धुते, वाळवते आणि खालच्या कडेला कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर टांगते. आई जाता-येता त्याच्याकडे बघतात आणि काही बोलत नाहीत, ते बोलण्यापेक्षा वाईट.

बाहीचं मोजमाप दोघींचं वेगवेगळ्या वाटेने एकाच जागी आलं. एलिझाबेथ झिमरमन (1910–1999) म्हणून विणकामातलं मोठं नाव आहे, जन्म इंग्लंडचा, आयुष्य अमेरिकेत. त्यांनी टक्केवारीची एक पद्धत लोकप्रिय केली. छातीचे टाके शंभर टक्के धरायचे, मनगटाला त्याच्या साधारण 20 टक्के, दंडाला 33 टक्के, गळ्याला 40 टक्के. म्हणजे एकच माप घ्यायचं. 168 चे 20 टक्के म्हणजे 34 टाके. आईंनी पुतणीचं मनगट दोन बोटांत धरलं, सोडलं आणि म्हणाल्या, “छत्तीस घाल.” शिवणीत दोन टाके जाणारच होते. मी कॅल्क्युलेटर खाली ठेवला.

गळ्याशी मात्र टक्केवारी अडकली. 40 टक्के म्हणजे 67 टाके, म्हणजे जेमतेम 30 सेंटिमीटर. पुतणीचं डोकं 53. मोठ्या माणसाला हे चालून जातं, कारण एक सुलट एक उलट विणलेली पट्टी चांगली ताणली जाते. मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, तिथे इतका ताण बसत नाही. आई म्हणाल्या, छातीच्या निम्मे घे. 84 घेतले. शिवाय गळ्याचे टाके बंद करताना उजव्या हातात जाड सुई घ्यायची, कारण पट्टी कितीही लवचीक विणा, वरची कड घट्ट बंद केली की ती दोरीसारखी आवळून बसते आणि मूल स्वेटरमध्ये अडकून ओरडतं. ज्या घरात लहान मूल आहे त्यांना हा आवाज माहीत असेल.

मांजर. तिचं चित्र पुतणीने स्वतः चौकटीच्या कागदावर काढलं होतं, गोल तोंड, दोन कान, एका डोळ्याला चौकट कमी पडली म्हणून डोळा मारणारी. अडचण अशी की चौकट चौरस असते, टाका चौरस नसतो. तो रुंद जास्त, उंच कमी. 22 चौकटी रुंद आणि 22 चौकटी उंच तोंड विणलं तर ते 10 सेंटिमीटर रुंद आणि सव्वासात सेंटिमीटर उंच येणार, म्हणजे कुणीतरी वर बसल्यासारखी चपटी मांजर. म्हणून तिला कागदावर उभट काढावं लागलं, 22 चौकटींना 30 ओळी. “ही घोड्यासारखी दिसतेय,” पुतणी म्हणाली आणि रुसली. स्वेटरवर ती गोल होईल ह्यावर तिचा विश्वास बसेपर्यंत कान विणून झाले होते.

दोन रंगांचं काम करताना जो रंग त्या टाक्यांत नको असतो तो मागून नुसता ओढत न्यायचा असतो. मागचे हे मोकळे धागे लांब ठेवले तर घालताना मुलांची बोटं त्यात अडकतात. मी चार-पाच टाक्यांच्या पुढे धागा मोकळा सोडत नाही, मध्ये एकदा गुंतवून घेते. मागची बाजू बघून आईंनी मान हलवली. पुढची बाजू त्या बघतच नाहीत. त्यांच्या मते विणकाम मागून कळतं.

मांजर सोडली तर मधल्या चाळीस सेंटिमीटरबद्दल सांगण्यासारखं काही नाही. 120 ओळी, पाठ आणि पुढचा भाग मिळून टाके वीस हजारांच्या आसपास. एक ओळ सुलट, एक उलट. ह्या टप्प्यावर घरी येणारा प्रत्येक माणूस ‘एवढ्यात तयार मिळतो की’ असं म्हणतो. विल्यम ली ह्यांनी मोजे विणायचं यंत्र बनवलं ते 1589 साली, म्हणजे तयार मिळायची सोय चारशे वर्षांपेक्षा जुनी आहे. मी टाके मोजत असते, त्यामुळे उत्तर द्यावं लागत नाही. नवऱ्याने ह्यावरून बोध घेतलाय. त्याला काही विचारायचं असेल तर तो आधी “ओळ संपली का?” विचारतो.

माझ्या उलट ओळी सुलट ओळींपेक्षा किंचित सैल येतात. बऱ्याच जणांच्या येतात, कारण उलट टाक्याला धागा फिरवताना थोडा जास्त लागतो. कापडाच्या मागच्या बाजूने बघितलं तर ओळी जोडीजोडीने दिसतात, मध्ये फट. उपाय सोपा आहे. एका हातात 4 मिलिमीटरची सुई, दुसऱ्या हातात 3.75 ची, आणि उलट ओळ विणताना बारीक सुई उजव्या हातात येईल असं धरायचं. आईंच्या ओळी कशाने विणल्या तरी सारख्याच येतात. कशा, ते त्यांना सांगता येत नाही. मी त्यांच्या बोटांचा व्हिडिओ काढून सावकाश चालवून बघितला, तरी कळलं नाही.

बाह्या मी दोन्ही एकाच सुईवर घेते, दोन वेगळ्या गुंड्यांनी. डावीची ओळ झाली की उजवीची. त्यामुळे वाढवायचे टाके दोन्हीकडे एकाच ओळीत वाढतात आणि एक बाही झाल्यावर दुसरी विणायचा जो कंटाळा येतो तो येऊच शकत नाही, कारण दोन्ही एकदम संपतात. गुंडे एकमेकांत गुंततात हे खरं. प्रत्येक ओळीला काम त्याच दिशेने न फिरवता आलटून पालटून फिरवलं की तेही टळतं.

पाठ आणि पुढचा भाग मिळून 190 ग्रॅम गेले. बाह्या आणि गळा मिळून 90 धरले तरी 200 ग्रॅम उरतात. हे भावजींसमोर बोलले तर त्यांना लगेच मफलर हवा झाला. शेवटी स्वेटर त्यांचाच. मी म्हटलं, बाह्या होऊ देत, मग वजन करू, मग किती रुंद नि किती लांब ते ठरवू.

काल संध्याकाळी बघते तर आईंनी मफलर सुरू केलेला. वीतभर झालाही होता. किती टाके घातलेत विचारलं तर “घातले त्याच्या गळ्याच्या बेताने.” मोजले तर 45. विषम संख्या का, तर वीण एक सुलट एक उलट आणि पुढच्या ओळीत सुलटावर उलट येणारी. विषम टाक्यांवर प्रत्येक ओळ सुलटानेच सुरू होते, काही लक्षात ठेवावं लागत नाही. आणि ही वीण कडेला गुंडाळत नाही. एक ओळ सुलट एक ओळ उलट असा मफलर विणला असता तर दोन्ही कडा मागे वळून त्याची नळी झाली असती. हे सगळं बरोबरच. फक्त त्यांनी त्यासाठी माझी आठ नंबरची सुई घेतली होती. बाह्यांचे टाके उतरवून दोऱ्यावर ओवून बाजूला ठेवलेले, नीट, एकही न सांडता.

“तुझ्या बाह्यांची घाई नाहीये. थंडी त्याला वाजते,” आई म्हणाल्या.

आठ नंबरची आणखी एक जोडी मागवलीय. येईपर्यंत मी पाठ आणि पुढचा भाग खांद्याला जोडून घेते आणि काखेत आतून एक लडी टाचून ठेवते. मांजरीच्या रंगाचीही एक ठेवावी लागेल.